पडद्यावरचे पहिले अक्षर

कोणताही चित्रपट सुरू होण्यापूर्वी काही क्षण पडद्यावर एक कागद दिसतो. त्यावर चित्रपटाचे नाव, त्याची भाषा, त्याची लांबी, दोन-चार सह्या आणि एक-दोन ठळक अक्षरे असतात. प्रेक्षक त्या वेळी आपली खुर्ची शोधीत असतो, शेजाऱ्याच्या पायांवरून वाट काढीत असतो, किंवा मुलांच्या हाती लाह्यांची पुडी देत असतो. त्या कागदाकडे पाहण्यास त्यास सवड नसते. वास्तविक त्या चित्रपटावर लिहिली गेलेली पहिली टीका तीच होय. आम्ही टीकाकार मागाहून येतो. आमच्या आधी चार-पाच माणसे एका बंद खोलीत बसून तो चित्रपट पाहून गेलेली असतात, आणि त्यांनी आपला अभिप्राय त्या अक्षरात नोंदवून ठेवलेला असतो. इतकी संक्षिप्त टीका जगात दुसरी नसेल. आणि इतकी परिणामकारकही नसेल, कारण आमच्या लेखाने एकही प्रेक्षक दारावरून परत जात नाही, त्या अक्षराने जातो. तेव्हा या एकाक्षरी टीकेचीही कोणी टीका करावयास नको काय?

या विचारास निमित्त मात्र घरगुतीच झाले. आमचे वास्तव्य कळंबास. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र असलेले हे गाव मुंबईकरांस सुट्टीच्या दिवसापुरते ठाऊक असते. गावात चित्रपटगृह नाही. चित्रपट पाहावयाचा तर नालासोपारा किंवा विरार गाठावे लागते, आणि म्हणून आमच्याकडे चित्रपटास जाणे हा अजूनही सबंध घराचा बेत असतो. अशाच एका बेताच्या बोलण्यात जुन्या चित्रपटांचा विषय निघाला आणि ताईने २०१८ साली पाहिलेल्या ‘न्यूड’ या मराठी चित्रपटाची आठवण सांगितली. तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, नुकताच अकरावीत गेलेला. वय वर्षे सोळा. त्याने मध्येच विचारले, “मामा, गोष्ट आईची आणि तिच्या मुलाची आहे ना? मग ती आईने पाहायची आणि मुलाने पाहायची नाही, हे कसे?” आम्ही उत्तर दिले, “अठरा पूर्ण होऊ देत, मग पाहा.” हे उत्तर कायद्यास धरून होते, पण ते उत्तर नव्हते, हे त्याच्याही ध्यानात आले आणि आमच्याही.

त्याला द्यावयाचे खरे उत्तर शोधण्यासाठी हा कागद आला कोठून, हे प्रथम पाहिले पाहिजे. इंग्रजी अमदानीत १९१८ साली चित्रपटांचा कायदा झाला आणि १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे चित्रपट तपासणारी मंडळे बसली. त्या मंडळांना मुलाबाळांची चिंता होती असे म्हणावयाचे, परंतु त्यांची खरी चिंता निराळी होती. ‘प्रभात’ कंपनीने शिवरायांवर चित्रपट काढला, तेव्हा त्याचे ‘स्वराज्य तोरण’ हे नाव त्यांना खपले नाही. १९३० साली तो ‘उदयकाल’ या नावाने लोकांपुढे आला. पुढे १९३५ साली संत एकनाथांवरच्या चित्रपटाचे ‘महात्मा’ हे नावही असेच खटकले आणि बालगंधर्वांची भूमिका असलेला तो चित्रपट ‘धर्मात्मा’ झाला. येथे वयाचा प्रश्न मुळीच नव्हता. सरकारच्या लेखी सारी रयत अल्पवयीनच होती. ‘स्वराज्य’ हा शब्द आठ वर्षांच्या मुलाने ऐकू नये, तसा ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यानेही ऐकू नये, असा तो न्याय होता.

वयाचा विचार कायद्यात शिरला तो स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली. चित्रपटांचे दोन वर्ग झाले: ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे केवळ प्रौढांसाठी. १९५२ च्या कायद्याने तीच व्यवस्था पुढे चालविली. अठरा वर्षे पूर्ण झालेला तो प्रौढ, आणि त्याखालच्यास असा चित्रपट दाखविणाऱ्या प्रदर्शकास शिक्षा, असे ठरले. ही सुधारणा लहान नव्हती. एक माणूस पाहू शकतो आणि दुसरा अद्याप पाहू शकत नाही, असे सरकारने प्रथमच मान्य केले. म्हणजे निदान पहिल्या माणसाला तरी त्याने सज्ञान मानले. वयाचा शिक्का हा स्वातंत्र्याचा शत्रू आहे, अशी ओरड करणाऱ्यांनी हे विसरू नये. शिक्का हा कात्रीला पर्याय म्हणून जन्मला. तो त्या कामी कितपत उपयोगी पडला, एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाची पहिली मोठी परीक्षा मुंबईतच झाली. लेखक व दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६८ च्या सुमारास ‘चार शहर एक कहानी’ नावाचा एक लहानसा माहितीपट काढला. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या शहरांतील ऐश्वर्य व त्याच्याच सावलीतील दैन्य शेजारीशेजारी ठेवून दाखवावे, असा त्याचा उद्देश होता. त्यात मुंबईतील वेश्यावस्तीचे ओझरते दर्शन होते. मंडळाने ‘यू’ नाकारून ‘ए’ देऊ केले. ती दृश्ये काढल्यास ‘यू’ मिळेल, असे पुढे सुचविण्यात आले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला चालू असतानाच सरकारने नमते घेऊन काहीही न कापता ‘यू’ देण्याची तयारी दाखविली. परंतु अब्बास यांनी प्रश्न आपल्या एका चित्रपटापुरता न ठेवता सर्व चित्रपटांचा केला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी २४ सप्टेंबर १९७० रोजी निकाल दिला. चित्रपट हा इतर कलांहून माणसाच्या भावना अधिक खोलवर हलवितो, म्हणून त्याची पूर्वतपासणी घटनेस धरून आहे आणि वयानुसार वर्गवारी करणेही वाजवी आहे, असा त्याचा इत्यर्थ. अब्बास हरले, असे सामान्यतः समजले जाते. पण त्याच निकालात न्यायालयाने सरकारलाही एक धडा दिला: नियम नुसते विषय मोजणारे नसावेत; कलात्मक हेतूने दाखविलेले आणि तसा हेतू नसलेले, यांतील भेद ओळखण्याची सोय त्यांत असावी.

आमच्या मते या सबंध प्रकरणाचे सार या एका वाक्यात आहे. शिक्का विषयावर मारावयाचा की मांडणीवर? वेश्यावस्ती हा विषय म्हटला की प्रौढांचा, हे मंडळाचे गणित होते. त्या वस्तीकडे चित्रपट कोणत्या नजरेने पाहतो, लालसेने की करुणेने, हा हिशेब त्यात नव्हता. आणि तेरा ते अठरा या वयातील मुलाला जर कशाने इजा होत असेल, तर ती विषयाने होत नाही, नजरेने होते. वेश्या, व्यसन, खून, आत्महत्या हे शब्द त्याने वर्तमानपत्रात वाचलेले असतात. जे त्याने अद्याप शिकलेले नसते ते हे, की या गोष्टींकडे पाहावे कसे. ते शिकविणारा चित्रपट आणि ते बिघडविणारा चित्रपट यांवर एकच अक्षर उमटत असेल, तर त्या अक्षराने घराला सांगितले काय?

आता हीच कसोटी मराठी चित्रपटांना लावून पाहू. दिग्दर्शक रवी जाधव यांचे दोन चित्रपट यासाठी सोयीचे आहेत, कारण हात एकच, आणि प्रश्नही बहुतांशी एकच. ‘बालक-पालक’ हा चित्रपट जानेवारी १९१३ साली नव्हे, मूकपटांच्या काळी नव्हे, तर शंभर वर्षांनी, जानेवारी २०१३ मध्ये आला. तरीही त्याने जे विचारले ते मराठी पडद्याने तोवर क्वचितच मोकळेपणी विचारले होते. मुंबईच्या चाळीतली काही मुले. शेजारच्या ताईच्या बाबतीत काहीतरी घडलेले. मोठी माणसे कुजबुजतात, ‘शेण खाल्ले’ म्हणतात आणि मुले जवळ येताच गप्प होतात. मुलांना ते शेण म्हणजे काय हे हवे असते. घरात कोणी सांगत नाही, म्हणून ती एका वाह्यात मित्राला गुरू करतात, आणि तो त्यांना चोरून पाहावयाच्या चित्रफितींचा रस्ता दाखवितो. विषय ऐकला तर कोणीही म्हणेल, हा प्रौढांचा चित्रपट. परंतु तो बालकांनी पालकांसह पाहिला, हसत पाहिला, आणि परतताना दोघांनाही थोडे अवघडल्यासारखे झाले. ते अवघडलेपण हीच त्या चित्रपटाची कमाई. दाखविण्यासारखे पुष्कळ असताना दिग्दर्शकाने चित्रफीत न दाखविता ती पाहणाऱ्या मुलांचे चेहरे दाखविले. विषय धीट आणि मांडणी संयमी, असा हा योग होता. दोष काढावयाचा तर इतकाच, की शेवटाकडे पालकांना उपदेश करण्याचा मोह त्याला आवरत नाही. चेहऱ्यांनी जे सांगून झाले, ते संवाद पुन्हा सांगतात.

दुसरे उदाहरण नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चे. एप्रिल २०१६ मध्ये आलेला हा चित्रपट शाळा-महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी थव्याथव्याने पाहिला; नायिकेचे काम करणारी मुलगी स्वतः शाळेत शिकत होती. त्याचा शेवट म्हणजे दोन कोवळ्या जिवांचा, जातीच्या अभिमानापायी झालेला खून. याहून भयंकर विषय कोणता? परंतु वार दिसत नाहीत, किंकाळी ऐकू येत नाही. संगीतदेखील थांबते, आणि एक तान्हे मूल रक्ताची पावले उमटवीत उंबऱ्याबाहेर पडते. नाचत-गात चित्रपटगृहात आलेली तरुण मंडळी मुकाट्याने बाहेर पडताना आम्ही पाहिली आहेत. हा चित्रपट अठरा वर्षांच्या आतल्यांना नाकारला असता, तर ज्यांच्यासाठी तो काढला तेच बाहेर राहिले असते.

आणि आता ‘न्यूड’. नवऱ्याच्या जाचातून सुटून यमुना आपल्या मुलाला घेऊन मुंबईस येते, नात्यातल्या एका बाईच्या आश्रयाने राहते, आणि पोटासाठी जे. जे. कलाशाळेत चित्रकारांसमोर विवस्त्र बसण्याचे काम पत्करते. कल्याणी मुळे आणि छाया कदम यांनी या दोन बायका अशा उभ्या केल्या आहेत की पहिल्या काही मिनिटांनंतर प्रेक्षक त्यांच्या अंगाकडे पाहण्याचे विसरतो व तोंडाकडे पाहू लागतो. वर्गातले विद्यार्थीही हेच शिकत असतात. परंतु चित्रपटाचे मर्म त्या वर्गात नाही. ते त्या मुलात आहे. हा मुलगा शिकावा म्हणून आई जे करते, तेच ती त्याच्यापासून लपविते. मुलगा वाढतो, संशय वाढतो, आणि आईविषयी जे त्याला कोणी नीट सांगितले नाही ते त्याला बाहेरचे जग घाणेरड्या शब्दांत सांगते. देह म्हणजे लाज, हा धडा त्याला घरात, शाळेत, रस्त्यात सर्वत्र मिळालेला असतो. देह म्हणजे चित्राचा विषय, श्रमाचे साधन, आईचे घरपण, हा धडा त्याला कोणीच देत नाही. ही गोष्ट ज्याला सांगावयाची तो श्रोता कोण? आमच्या भाच्याचा प्रश्न येथे अगदी नेमका लागू पडतो. हा चित्रपट मुलाशी बोलतो, आणि प्रमाणपत्र फक्त आईला आत बसविते.

मंडळास दोष देताना त्याचे श्रेयही द्यावयास पाहिजे. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात परीक्षकांनी निवडलेला हा चित्रपट वरच्या आदेशाने वगळण्यात आला, आणि परीक्षकमंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी त्याबद्दल राजीनामा दिला. एवढा गदारोळ झालेला असताना, जानेवारी २०१८ मध्ये मंडळाने विद्या बालन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने तो पाहिला आणि एकही दृश्य न कापता ‘ए’ दिले. त्या काळी याहून अधिक ती समिती करू शकली असती काय? आम्हांस वाटते, नाही. कारण तिच्या हाती पायरीच नव्हती. १९८३ साली ‘यूए’ हा मधला वर्ग निघाला, म्हणजे सर्वांसाठी, परंतु बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या सल्ल्याने पाहावा असा. त्याच सुमारास मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आले. त्यानंतर चाळीस वर्षे बारा आणि अठरा यांच्यामध्ये काहीच नव्हते. माणसाच्या आयुष्यात ज्या सहा वर्षांत आवाज बदलतो, उंची बदलते, आईशी बोलण्याची तऱ्हा बदलते, त्या सहा वर्षांना कायद्याच्या लेखी अस्तित्वच नव्हते. तेरा वर्षांचा आणि सतरा वर्षांचा मुलगा एकाच बाकावर बसविला गेला. साहजिकच मंडळापुढे दोनच वाटा राहिल्या: ‘न्यूड’ बारा वर्षांच्या मुलाला मोकळा करावा, किंवा सतरा वर्षांच्या मुलाला बंद करावा. त्यांनी दुसरी पत्करली.

इतर देशांत ही अडचण पूर्वीच ओळखली गेली होती. अमेरिकेत १९८४ साली काही लोकप्रिय चित्रपटांतल्या भीषण दृश्यांनी पालक अस्वस्थ झाले, तेव्हा तेरा वर्षांची एक नवी पायरी तेथल्या चित्रव्यवसायाने स्वतःच बांधली. इंग्लंडचे मंडळ १९१२ सालापासूनचे. त्याने वेळोवेळी पायऱ्या बदलल्या आणि पुढे प्रत्येक चित्रपटाला अमुक वय का दिले, याचे कारण थोडक्यात छापण्याची चाल पाडली. आपल्याकडे श्याम बेनेगल यांच्या समितीने २०१६ साली बारा आणि पंधरा अशा दोन पायऱ्या सुचविल्या. अखेर २०२३ साली कायदा दुरुस्त झाला, आणि ‘यूए’चे तीन भाग पडले: सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील आणि सोळा वर्षांवरील. २०२४ च्या नियमांनी त्याची व्यवस्था लावली. या दुरुस्तीतील एक कलम आम्हांस फार मोलाचे वाटते. हे आकडे पालकांच्या विचारासाठी आहेत, आणि पालकांवाचून इतर कोणी त्यांची सक्ती करावयाची नाही, असे कायदाच म्हणतो. म्हणजे या तीन पायऱ्यांवर दारवानाने कोणासही अडवावयाचे नाही; मुलाला न्यावे की न न्यावे, एकटे सोडावे की सोबत बसावे, हे घराने ठरवावयाचे. सरकारने प्रथमच काही अधिकार आईबापांच्या हाती परत दिला.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. सुजाण आई आणि वाचणारा मामा प्रत्येक घरात असतो असे नाही. पालक स्वतःच थकूनभागून रात्री नऊला गाडीतून उतरत असतील, तर सोळाचा आकडा वाचून विचार कोणी करावयाचा? अशा मुलासाठी दारावरचा मनुष्यच बरा, असे कोणी म्हटल्यास त्याला हसण्याचे कारण नाही. चित्र हे शब्दाहून खोल शिरते, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले ते खरेच आहे. एखादे क्रूर दृश्य कोवळ्या मनातून वर्षानुवर्षे जात नाही, हे आपण सर्वांनी लहानपणी अनुभविले आहे. शिवाय ‘केवळ प्रौढांसाठी’ ही पाटी काही निर्मात्यांनी कुंपण म्हणून न वापरता जाहिरात म्हणून वापरली, हेही जगजाहीर आहे. तात्पर्य, ‘ए’ नकोच असे आम्ही म्हणत नाही. काही चित्रपट प्रौढांचेच असतात व असावेत.

परंतु दारावरच्या मनुष्याची शक्तीही आता पूर्वीची राहिलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. जानेवारी २०२२ मध्ये जयंत पवार यांच्या कथेवर आधारलेला, महेश मांजरेकर यांचा ‘नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा’ हा चित्रपट आला. प्रमाणपत्र प्रौढांचे होते. तरीही मोठा गहजब उडाला तो चित्रपटगृहात पोहोचण्याआधीच, त्याच्या झलकेवरून; अल्पवयीन पात्रांची लैंगिक दृश्ये त्या झलकेतून सर्वांसमोर मोकळी आली, अशी तक्रार झाली आणि राष्ट्रीय महिला आयोगाने तिची दखल घेतली. झलक ज्याच्या हाती फोन त्याच्या हाती. दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी, अशी ही स्थिती आहे. येथे कळंबच्या किनाऱ्यावर बसलेला मुलगाही जगातले सारे काही तळहातावर पाहू शकतो, आणि त्यात ‘न्यूड’पेक्षा किती तरी हीन असे पुष्कळ असते. त्याला चांगल्या चित्रपटापासून दूर ठेवल्याने तो वाईटापासून दूर राहतो, ही समजूत आता टिकणारी नाही. ‘बालक-पालक’मधल्या मुलांनीही हेच दाखविले होते: जे घराने सांगितले नाही, ते वाह्यात मित्राने सांगितले.

याहूनही विचित्र प्रकार म्हणजे प्रौढांच्या शिक्क्यासह चालणारी कात्री. १९४९ साली शिक्का निघाला तो कात्रीच्या ऐवजी, असे आम्ही वर म्हटले. प्रत्यक्षात दोन्ही हत्यारे जोडीने वापरली गेली. २०१६ साली ‘उडता पंजाब’ या व्यसनाच्या विषयावरील चित्रपटास मंडळ प्रौढांचे प्रमाणपत्र देण्यास तयार होते, आणि तरीही अनेक कापण्या मागत होते. मुंबई उच्च न्यायालयाने जूनमध्ये त्यांपैकी एकच ठेवली. मुलांसाठी दार बंद केल्यानंतर आत बसलेल्या चाळीस वर्षांच्या गृहस्थाचे डोळे कशासाठी झाकावयाचे, याचे उत्तर मंडळापाशी नव्हते. प्रमाणपत्रावर डाव्या कोपऱ्यात एक लहानसा त्रिकोण असतो. तो असला म्हणजे चित्रपटातून काही कापलेले आहे असे समजावे. ‘ए’ आणि तो त्रिकोण एकाच कागदावर दिसले की आम्हांस नेहमी ‘स्वराज्य तोरणा’ची आठवण होते. प्रेक्षकास प्रौढ म्हणावयाचे आणि त्याच श्वासात अल्पवयीन ठरवावयाचे, ही जुन्या सरकारची खोड आहे.

यात निर्मात्यांचाही वाटा आहे. प्रौढांचा चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविता येत नाही, आणि तेथले उत्पन्न मोठे. म्हणून अनेक निर्माते स्वतःच कात्री घेऊन मंडळाच्या दारी उभे राहतात आणि ‘काय कापू म्हणजे यूए द्याल?’ असे विचारतात. अशा व्यवहारात चित्रपटाची मांडणी पाहण्यास कोणास वेळ असणार? दोन शिव्या कमी, एक चुंबन आखूड, आणि वय काही वर्षांनी खाली. नजर हिणकस असेल तर ती हिणकसच राहते. केवळ तिच्यातले मोजता येण्याजोगे तेवढे काढून टाकले जाते.

मग करावयाचे काय? आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. पहिली ही, की सोळा वर्षांवरील ही नवी पायरी केवळ कागदावर न राहता गंभीर चित्रपटांसाठी वापरली जावी. ज्या चित्रपटात विषय कठीण आहे पण नजर निर्मळ आहे, तो ‘ए’च्या कोठडीत टाकण्याआधी समितीने स्वतःस विचारावे, की ही गोष्ट सोळा वर्षांच्या मुलाला ऐकविण्याजोगी आहे की नाही. दुसरी ही, की ज्यास ‘ए’ दिले त्यास कात्री लावू नये. कायद्यानेच गुन्हा ठरणारे काही असेल तर गोष्ट निराळी. आणि तिसरी, जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, ती ही, की अक्षराबरोबर कारण सांगावे. घरबसल्या फोनवर किंवा दूरदर्शक संचावर दिसणाऱ्या मालिकांना २०२१ च्या नियमांप्रमाणे वयाच्या आकड्यासोबत आशयाची सूचना द्यावी लागते. हिंसा आहे, शिवीगाळ आहे, अमुक आहे, असे तेथे लिहून येते. चित्रपटगृहातला कागद मात्र अक्षर आणि आकडा सांगून थांबतो. मराठी चित्रपटाच्या कागदावर मराठीत दोन ओळी असाव्यात: यात काय आहे, आणि ते कोणत्या रीतीने दाखविले आहे. दुसरी ओळ लिहिणे पहिलीहून कठीण. पण ती लिहावयाची म्हटले की समितीला चित्रपट टीकाकाराप्रमाणे पाहावा लागेल, जकातदाराप्रमाणे नव्हे. आणि थकूनभागून घरी आलेल्या त्या आईबापांना सगळ्यांत उपयोग होईल तो याच दोन ओळींचा.

जुन्या चित्रपटांच्या माथ्यावरचे अक्षर काही आपोआप बदलत नाही. तेव्हा आमच्या भाच्याला ‘न्यूड’साठी आणखी दोन वर्षे थांबावे लागेल, आणि घरचा नियम म्हणून ताईनेही ते मान्य केले. परंतु त्या संध्याकाळी तिने एक गोष्ट केली. समोरच्या अंगणात बसून तिने ती सबंध कथा त्याला स्वतः सांगितली. यमुना काय काम करते हेही सांगितले, आणि का करते हेही. आवाज न चोरता सांगितले. आम्ही जवळच होतो. मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “त्या मुलाला आईने आधीच सांगितले असते तर?”

ताई म्हणाली, “तोच तर चित्रपट आहे.”

सोळा वर्षांच्या मुलाला जे एका प्रश्नात गवसले, ते त्याला पेलवणार नाही असे तो कागद म्हणतो. कागद लिहिणाऱ्यांनी पुढच्या वेळी एवढे ध्यानात घ्यावे, इतकीच विनंती.